पिस्तूल महाग की अभय महाग?

शस्त्राचा परवाना हाती पडला की नव्या परवानाधारकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. जुने, नामांकित, खिशात मावेल असे विलायती पिस्तूल घ्यावे, की सरकारी कारखान्यातले स्वस्त हत्यार घेऊन काम भागवावे? जाणकार म्हणविणारे यावर तासन् तास बोलतात. वॉल्थरची घडण, वेब्लेचा भरवसा, कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा किती जड आहे, यांचा काथ्याकूट होतो. ज्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते आणि दर दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीला घर सोडतात, त्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न मूठभर हौशी लोकांपुरता राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा आकडा चव्हाट्यावर आला तेव्हा तो बाराशेहून अधिक निघाला. तेव्हापासून हा हौसेचा प्रश्न उरलेला नाही. तो राज्यकारभाराचा प्रश्न झाला आहे.

बीड शहरातून सोलापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर पाली हे गाव आहे. बिंदुसरा नदीवरचे धरण येथेच आहे. १९५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या धरणाच्या पाण्यावर बीड शहराने पिढ्या काढल्या. एचआयव्हीबाधित अनाथ मुलांना मायेचे छत्र देणारी ‘इन्फंट इंडिया’ ही संस्थाही याच पालीच्या परिसरात, समाजाच्या मदतीवर चालते. पिस्तुलाच्या निवडीचा प्रश्न पालीतल्या सामान्य शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या वा मजुराच्या जागी उभे राहून पाहिला, की त्याचे खरे रूप स्पष्ट होते. या माणसाला कोणाचे भय आहे? आणि त्या भयावर कोणते पिस्तूल उतारा ठरणार आहे?

आधी बाजाराचा हिशेब पाहू. भारतात लष्करी जातीची हत्यारे व काडतुसे सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. म्हणून परवानाधारकाच्या वाट्याला बहुतेक वेळा .३२ बोअरचे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर येते. १९८० च्या दशकाच्या मध्यास खाजगी व्यक्तींसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली. त्यापूर्वी जी वॉल्थर, वेब्ले, ब्राउनिंग, कोल्ट देशात आली तीच आज या हातातून त्या हातात फिरतात आणि त्यांची किंमत अनेक लाखांच्या घरात जाते. वॉल्थरचे ‘पीपी’ हे पिस्तूल १९२९ चे आणि त्याचे आखूड भावंड ‘पीपीके’ १९३१ चे. जवळपास शतकापूर्वीच्या त्या आराखड्यात असे कोणतेही रहस्य नाही की ज्यासाठी आजच्या माणसाने एका शेताची किंमत मोजावी. त्या किमतीत पोलादाचा वाटा थोडा, दुर्मिळतेचा अधिक आणि मिरवण्याचा सर्वांत अधिक आहे. जुन्या सरंजामदाराच्या दारी हत्ती झुलत असे, नव्याच्या कंबरेला वॉल्थर असते. फरक इतकाच की हत्तीला निदान चारा तरी स्वतःच्या पदरचा घालावा लागे.

स्वस्त पर्याय म्हणजे सरकारी कारखान्यांचा माल. ‘अशनी’ पिस्तूल, .३२ चे जुने रिव्हॉल्व्हर, २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ आणि २०२३ साली आलेले ‘प्रबल’. दिल्लीतील २०१२ च्या अमानुष घटनेनंतर जी तरुणी देशाला ‘निर्भया’ या नावाने माहीत झाली, तिच्या नावाशी नाते सांगत ‘निर्भीक’ स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले गेले. वजन सुमारे अर्धा किलो, त्या वेळची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. स्त्रीच्या रक्षणाचा हा सरकारी भाव.

या ‘स्वस्त’ शब्दाचा अर्थ बीडच्या भाषेत लावून पाहावा. जानेवारी २०२४ च्या करारानंतर ऊसतोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, एकही दिवस अंग दुखले नाही, एकही खाडा झाला नाही असे धरले, तरी एका ‘निर्भीक’च्या किमतीसाठी त्याला साडेपाच महिने तोडणी करावी लागेल. तोवर गाळप हंगाम संपून कारखान्याची चिमणी थंड झालेली असेल. त्या मधल्या काळात पोरांनी काय खायचे आणि मुकादमाची उचल कशी फेडायची, हे विचारायचे नाही. तेव्हा महाग आणि स्वस्त हा वाद ज्या वर्गात चालतो तो वर्ग कोणता, हे सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही. कष्टकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही पिस्तुले सारखीच महाग आहेत, आणि दोन्हींची नळी आज ना उद्या त्याच्याच दिशेने वळणार आहे.

बाजारात तिसराही एक पर्याय आहे, सर्वांत स्वस्त आणि पूर्णतः बेकायदा. तो म्हणजे गावठी कट्टा. मध्य प्रदेशाच्या सीमेवरील उमरटीसारख्या गावांतून तो महाराष्ट्रात येतो, हे पोलिसांच्या कारवायांतून वेळोवेळी उघड झाले आहे. ज्या हातांना धातूकामाची पिढीजात कला आहे त्या हातांना प्रतिष्ठेचे काम देण्याची बुद्धी कोणत्याही सरकारला झाली नाही. म्हणून ते हात कट्टे घडवतात आणि पकडले गेले की तुरुंगात जातात. कट्टा विकत घेणारा सहसा सापडत नाही, आणि घ्यायला लावणारा तर कधीच नाही. साहेबाच्या कंबरेला परवान्याचे विलायती पिस्तूल, उजव्या हाताकडे सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर आणि गाडीच्या मागच्या बाकावरील बेकार पोराकडे कट्टा, अशी ही उतरंड आहे. समाजात जी वर्णवर्गाची शिडी आहे तीच दहशतीच्या धंद्यातही जशीच्या तशी उतरली आहे. गोळी झाडण्याचे काम खालच्याचे, गोळीचे फळ वरच्याचे.

उत्तम पिस्तुलाची महती गाणारे त्याच्या विश्वासार्हतेचा दाखला देतात. ऐन वेळी अडकत नाही, नेम चुकत नाही, असे म्हणतात. हा गुण कोणाच्या कामी येतो याचा दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे, आणि तो महाराष्ट्राने मान खाली घालून वाचावा असा आहे. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींच्या हत्येचा बेत फसला. कटवाल्यांजवळची रिव्हॉल्व्हरे कुचकामी असल्याचे त्यांच्या स्वतःच्याच चाचणीत दिसून आले होते. मग नथुराम गोडसे भरवशाच्या हत्याराच्या शोधात निघाला आणि ग्वाल्हेरला त्याच्या हाती बेरेटा जातीचे, १९३४ च्या घडणीचे, आटोपशीर इटालियन पिस्तूल आले. ३० जानेवारीला त्या पिस्तुलाने दगा दिला नाही. तीन गोळ्या सुटल्या आणि तिन्ही लागल्या. सुमार हत्याराने दहा दिवस लांबवलेला मृत्यू नामांकित हत्याराने घडवून आणला. हत्याराची विश्वासार्हता म्हणजे मारण्याची खात्री. मारणाऱ्याची नीती ते तपासत नाही, मरणाऱ्याची थोरवीही जाणत नाही. ज्यांना उत्तम पिस्तूल म्हणजे उत्तम संरक्षण वाटते त्यांनी त्या सायंकाळचे स्मरण ठेवावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. शस्त्रबंदी हे इंग्रजी राज्याचे हत्यार होते. १८७८ च्या कायद्याने भारतीयांना परवान्याची अट घातली आणि गोऱ्यांना मोकळीक दिली. गांधीजींनीही त्या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत केली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी, जे पुढे समाजवादी चळवळीचे संसदेतील एक झुंजार प्रतिनिधी ठरले, हाच हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. मग आज समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनी नागरिकाच्या शस्त्राविरुद्ध का बोलावे?

उत्तर त्याच चर्चेत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. शस्त्राचा हक्क सरसकट सर्वांना दिला तर तो दरोडेखोरांनाही द्यावा लागेल, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता, आणि समितीने दुरुस्ती फेटाळली. कामथांच्या मनात होता तो परकीय सत्तेने निःशस्त्र केलेला, ताठ मानेने उभा राहू पाहणारा नागरिक. बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे होता तो विषम समाज, जिथे हक्क कागदावर सर्वांचा असला तरी हत्यार प्रत्यक्षात बळवंताच्याच हाती जाते. पाऊणशे वर्षांनंतर बीडच्या यादीने कौल कोणाच्या बाजूने दिला? कराचीच्या ठरावातील नागरिक त्या यादीत शोधूनही सापडणार नाही. सापडतील ते ठेकेदार, गुत्तेदार, पुढारी आणि त्यांचे पाठीराखे. ज्यांच्यावर गुन्हे नोंदलेले आहेत त्यांच्याही हाती परवाने होते, हे तर प्रशासनालाच मान्य करावे लागले. हक्क म्हणून मागितलेली वस्तू मेहेरबानी म्हणून वाटली गेली. बळी तो कान पिळी ही म्हण इथे सरकारी शिक्क्यानिशी अंमलात आली.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येने या मेहेरबानीवरचा पडदा दूर केला. ६ डिसेंबर २०२४ रोजी पवनचक्की कंपनीच्या आवारात पहारेकऱ्याला मारहाण झाली. गावचा सरपंच म्हणून देशमुख त्याच्या बाजूने उभे राहिले. ९ डिसेंबरला त्यांचे अपहरण झाले आणि अमानुष मारहाणीत त्यांचा प्राण गेला. या मुळाशी दोन कोटींची खंडणी होती, असे तपास यंत्रणेचे आरोपपत्र सांगते. खटला न्यायालयापुढे आहे आणि शिक्षा ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. पण काही गोष्टी निकालाची वाट न पाहता स्पष्ट आहेत. या खुनात एकही गोळी झाडावी लागली नाही. ज्या जिल्ह्यात बाराशेवर परवान्याची हत्यारे ‘आत्मसंरक्षणासाठी’ दिलेली होती, तिथे एका निवडून आलेल्या सरपंचाला दिवसाढवळ्या रस्त्यावरून उचलून नेता आले आणि त्या बाराशेंपैकी एकही हत्यार त्याच्या कामी आले नाही. त्याआधी जून २०२४ मध्ये परळीत मरळवाडीच्या सरपंचाचा गोळ्या घालून खून झाला होता. म्हणजे गोळी असो वा नसो, मरायचे ते गावच्या प्रतिनिधीने.

कोणी म्हणेल, देशमुखांजवळ पिस्तूल असते तर? हा प्रश्न सहानुभूतीचा वाटतो, पण तो दोष हळूच मृताच्या पदरात टाकतो. टोळीने रस्ता अडवला असता कंबरेचे पिस्तूल, मग ते लाखांचे असो वा हजारांचे, एका माणसाला किती वेळ तारू शकले असते? आणि त्याने गोळी झाडली असती तर दुसऱ्या दिवशी आरोपी कोण ठरला असता? त्यांना हवी होती ती वेगळी वस्तू. मारहाणीची तक्रार त्याच दिवशी पूर्ण कलमांनिशी नोंदवणारे पोलीस ठाणे त्यांना हवे होते. धमकी देणाऱ्यास त्याच रात्री कोठडीत टाकणारा अधिकारी हवा होता. केजच्या पोलिसांच्या वर्तनावर पुढे प्रश्नचिन्हे उभी राहिली, एका अधिकाऱ्यास निलंबितही करावे लागले. ठाण्याने आपले काम केले नाही म्हणून पिस्तुलाची गरज भासते, आणि पिस्तूलवाल्यांचा वट वाढला की ठाणे आपले काम करीनासे होते. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर शेतकऱ्याने स्वतःचे कुंपण विकत घ्यावे, असे सांगणे ही शुद्ध चेष्टा आहे.

पालीच्या माणसाची भये कोणती, हा मूळ प्रश्न आता पुन्हा घ्यावा. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. रात्रीच्या विजेमुळे अंधारात पाणी धरायला जावे लागते हे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे होते, आणि मागणी होती दिवसा वीज देण्याची. कंबरेच्या .३२ ला बिबट्याच्या झेपेपुढे काही अर्थ नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. त्या धोक्यावर ‘निर्भीक’ची गोळी चालत नाही. सावकाराची वही, मुकादमाची उचल, पाण्याची टंचाई, ठाण्यात दाबलेली तक्रार, ही खरी भये आहेत. यांतले एकही भय परवाना मागणाऱ्याच्या अर्जात लिहिलेले नसते, आणि यांतले एकही भय पिस्तुलाने मरत नाही.

२०२५ च्या आरंभी जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक परवान्यांवर गदा आणली. हवेत गोळीबार करून चित्रफिती मिरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु या कारवाईनेच एक प्रश्न उभा केला आहे आणि त्याचे उत्तर कोणी दिलेले नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाने सार्वजनिक शांततेसाठी परवाना स्थगित वा रद्द करण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यास पहिल्यापासून आहे. समारंभात बेदरकार गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. कायदा होता, अधिकार होता, गुन्ह्यांच्या नोंदीही ठाण्यांत होत्या. मग एका सरपंचाचा प्राण जाईपर्यंत ही कलमे झोपली का होती? जे परवाने एका महिन्यात रद्द करण्याजोगे ठरले, ते देताना कोणत्या धोक्याची शहानिशा झाली होती? त्यांची शिफारस कोणी केली होती? परवाना रद्द झालेल्याचे नाव कळले, परवाना मिळवून देणाऱ्याचे नाव अंधारातच राहिले. चोराची लाठी जप्त झाली, लाठी पुरवणारा मात्र व्यासपीठावर हार घालून घेत राहिला.

म्हणून केवळ संख्या घटवून भागणार नाही. प्रत्येक तालुक्यात किती परवाने आहेत आणि ते कोणत्या कारणासाठी दिले गेले, याचा तपशील दरवर्षी जाहीर झाला पाहिजे. लोकप्रतिनिधीने परवान्यासाठी दिलेले प्रत्येक शिफारसपत्र जनतेस पाहता आले पाहिजे. ज्याने शिफारस केली त्याने त्या हत्याराच्या गैरवापराचे उत्तरही दिले पाहिजे. नूतनीकरण हा शिक्का मारण्याचा विधी न राहता धोका अजून आहे की नाही याची नव्याने तपासणी व्हावी. खंडणीविरुद्ध तक्रार करणाऱ्या सरपंचास, ग्रामसेवकास, मजुरास चोवीस तासांत पोलीस संरक्षण मिळावे आणि तक्रार नोंदवण्यास नकार देणाऱ्या अधिकाऱ्यावर त्याच मुदतीत कारवाई व्हावी. आणि शासनाने स्वतःपासूनही सुरुवात करावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या गेल्या. कंपनी म्हटली की विक्री आली आणि नफ्याचा हिशेब आला. ज्या शासनाचे कर्तव्य नागरिकास निर्भय करणे आहे, तेच शासन ‘निर्भीक’ आणि ‘प्रबल’ नावाने भयावरचा उतारा विकू लागले, तर भय नाहीसे करण्यात त्याला गोडी ती काय उरणार?

रझाकारांच्या काळात मराठवाड्याने हत्यारबंद टोळ्यांचे राज्य भोगले आहे. त्या राज्यातून १९४८ च्या सप्टेंबरात मुक्त झालेल्या प्रदेशाला लोकशाहीने दिलेले पहिले वचन हेच होते की यापुढे कोणाच्याही कंबरेकडे पाहून बोलावे लागणार नाही. ते वचन पाळायचे की मोडायचे, हा आज बीडपुढचा प्रश्न आहे. पालीचे धरण कोणा एकाच्या तिजोरीतून उभे राहिले नाही आणि त्याचे पाणी परवान्यावर मिळत नाही. ते सर्वांच्या पैशाने झाले म्हणून सर्वांचे झाले. अभयही तसेच आहे. ते खाजगीत विकत घेऊ लागले की ज्याची ऐपत मोठी त्याचे अभय मोठे होते, आणि त्याच मापाने इतरांचे भय वाढते. विलायती पिस्तूल आणि देशी पिस्तूल यांतून एकाची निवड करणारे खुशाल करोत. ज्यांना दोन्ही परवडत नाहीत त्यांचा जिल्ह्यावरचा हक्क त्यांच्याहून तसूभरही कमी नाही.